फेब्रुवारीचं पाणी

मी घर सोडलं त्या सकाळी आईच्या हातात ओटीचं तबक होतं आणि मोरीत नळ सुरू होता. चिंचवडला आमच्या बिल्डिंगला पाणी साडेसहाला यायचं आणि विमानतळाची गाडी पावणेसातलाच दारात उभी राहिली. तेरा वर्षं झाली त्याला. बाबा चौथ्यांदा पासपोर्ट तपासत होते, माझा नवरा हेमंत बॅगा खाली नेत होता, आणि आई मला कुंकू लावता लावता थांबली, तबक टीपॉयवर ठेवलं आणि मोरीत पळाली. तांब्याच्या पिंपातलं कालचं पाणी तिने भसाभस ओतून दिलं, पिंप चिंचेनं घासलं, ताजं पाणी लावलं, आणि मग पदराला हात पुसत येऊन माझी ओटी भरली. मला तेव्हा चांगलाच राग आला होता. लेक साता समुद्रापार चाललीय आणि हिला पिंपाची पडलीय. पण आमच्याकडे शिळं पाणी आणि शिळं अन्न यांत फरक नव्हता. दोन्ही सकाळी घराबाहेर.

जिन्यात ती एवढंच म्हणाली, "तुझं स्वतःचं घर झालं की कळव. मग येईन मी राहायला."

हे वाक्य तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. जे तिकडे राहिले त्यांनी ते म्हटलं असेल, जे माझ्यासारखे निघाले त्यांनी मान डोलावून ऐकलं असेल. दोन-चार वर्षांत घर होईल, आई येईल, असा आपला सरळ हिशेब असतो. माझ्या हिशेबाला तेरा वर्षं लागली, आणि जे झालं त्याला घर म्हणायचं की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.

सुरुवात सगळ्यांसारखीच झाली. बेसिंगस्टोकला एका बिझनेस पार्कमध्ये मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. भाड्याचं घर, त्यात दोन खुर्च्या आणि एक कुकर. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, आधीच लंडनच्या पिनर उपनगरात स्थिरावलेला, तीन बेडरूमचं घर आणि मागे हिरवंगार लॉन. आई इंग्लंडला तीनदा आली आणि तिन्ही वेळा दादाकडे राहिली. माझ्याकडे ती दुपारी जेवायला यायची आणि संध्याकाळी परत जायची. भाड्याच्या घरात लेकीकडे राहायचं नाही असा काही शास्त्रार्थ नाही, पण तिचं म्हणणं होतं की लँडलॉर्डच्या घरात तिला पाहुण्याकडे पाहुणी गेल्यासारखं वाटतं.

मग लँडलॉर्डने घर विकायला काढलं. हेमंतचं काम तेव्हा कॉन्ट्रॅक्टचं, आज लीड्स तर उद्या ब्रिस्टल. दोन घरांच्या मधले दोन महिने काढायला म्हणून आम्ही एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, मागे गादी टाकली, शेगडी बसवली. त्या दोन महिन्यांची चार वर्षं झाली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते आम्ही डिझेलवर चालवलं. आंघोळ लेझर सेंटरमध्ये, म्हणजे गावच्या जिम-तलावावर, टपाल दादाच्या पत्त्यावर, मुक्काम कधी हमरस्त्याकडेच्या लेबायमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या जागेत, तर कधी एखाद्या पबच्या मागच्या कार पार्कमध्ये, मालकाला विचारून. सुरुवातीला मला याची लाज वाटायची. मग एका सकाळी नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर व्हॅनचं दार उघडून चहा पिताना लक्षात आलं, की कितीतरी दिवसांत मला कुणाचा हेवा वाटला नव्हता.

चिंचवडला मात्र यातलं काही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. व्हिडिओ कॉल करायचा तर गाडीच्या आत निळा पडदा लावायचा, त्याच्यासमोर बसायचं आणि घर लहान आहे पण छान आहे असं म्हणायचं. बाबा गेले तेव्हाही पहिला फोन मी त्याच पडद्यासमोर घेतला. माझं घर बघायचं त्यांचं राहून गेलं. ते मला अजून लागतं.

जमीन त्यानंतरच्या वर्षी घेतली. ब्रेकलँड म्हणजे नॉरफोकचा कोरडा कोपरा. हिरव्यागार इंग्लंडचे फोटो पाहून आलेल्या माणसाला फसवल्यासारखं वाटावं अशी जागा: वाळूची जमीन, गारगोट्या, पाइनची झाडं, ससे आणि वारा. जुन्या काळी इथली वाळू उडून शेतंच्या शेतं गाडली जायची म्हणे. आसपासचे लोक थट्टेने याला आमचं वाळवंट म्हणतात. आमच्या तुकड्यावर एक जुनं लाकडी शॅले होतं, आणि त्यात राहायची कौन्सिलची कायदेशीर परवानगी होती, म्हणून तर घेतलं. वीज नव्हती, नळ नव्हता, ड्रेनेज नव्हतं. रस्त्यापासून इतक्या आत लाइन आणायची तर आमचं उरलेलं आयुष्य त्यातच गेलं असतं. पण व्हॅनमध्ये चार वर्षं काढलेल्या माणसाला मोजून जगायची सवय होते. छपरावर सोलर पॅनेल बसवले, लाकडाचा स्टोव्ह आणला, कंपोस्ट टॉयलेट बांधलं, आणि छपरावरचं पावसाचं पाणी धरायला पन्हळीखाली हजार हजार लिटरच्या तीन प्लास्टिकच्या टाक्या ठेवल्या, शेतावर असतात तशा, लोखंडी पिंजऱ्यातल्या. दोन धुण्याभांड्याच्या, तिसरी पिण्याची. तिसरी मागच्या सावलीत, काळं कापड गुंडाळून. ती हिवाळ्यात भरायची आणि उन्हाळाभर जपून, फिल्टर करून वापरायची. मला तिच्याबद्दल जरा जास्तच माया होती. संध्याकाळी मी तिच्या पोटावर टकटक करून पाणी कुठवर आहे ते ऐकायचे, आणि हेमंत म्हणायचा की बायकोपेक्षा टाकी बरी, उलट बोलत नाही.

घर झालं, तसं मी आईला कळवलं. आणि ती यायला निघाली.

दादाचा या सगळ्याला विरोध होता. "बी प्रॅक्टिकल, मंजू," तो म्हणाला, "आईचे गुडघे बघ. तिला सत्तरीत कॅम्पिंगला नेणारेस का?" शेवटी ठरलं ते असं: आई पंधरा दिवस माझ्याकडे राहील, नाहीच जमलं तर तो तिला येऊन घेऊन जाईल, आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही. पुन्हा म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही कळत होतं. आई त्र्याहत्तर वर्षांची, एवढा प्रवास ती आणखी किती वेळा करणार? तिने एकदा माझ्या घरी राहावं आणि याला घर म्हणावं, एवढंच मला हवं होतं. बेचाळीस वर्षांच्या बाईने आईच्या शाबासकीसाठी इतकं झुरू नये हे मलाही कळतं. कळून काय उपयोग.

झुरण्यातून शहाणपण सुचत नाही. मी आई यायच्या आधी शॅलेच्या सिंकवर एक चकचकीत नळ बसवला. खाली छोटा पंप, तो सोलरच्या बॅटरीवर चालणारा, आणि त्याला तिसऱ्या टाकीचा पाइप. नळ सोडला की पाणी. आईने पहिल्याच दिवशी सोडून बघितला, धार बघून तिचा जीव भांड्यात पडला, आणि मी गप्प बसले. व्हॅनमध्ये पडदा होता, इथे नळ. हेमंत म्हणाला सांगून टाक. मी म्हटलं सांगते, राहू दे दोन दिवस तिला सुखात.

ते दोन दिवस खरोखर छान गेले. टॉयलेटबद्दल ती काही बोलली नाही, फक्त भुसा टाकायचा डबा तिने स्वतःच्या सोयीच्या बाजूला सरकवला. सशांना ती "अगं बाई, किती हे" म्हणत हुसकायची आणि मग हळूच कोबीची पानं टाकायची. ऑगस्ट महिना, आणि पावसाचा सात आठवडे पत्ता नव्हता. पहिल्या दोन टाक्यांनी जुलैतच तळ दाखवला होता. धुण्याचं पाणी आम्ही शेजारच्या जोनच्या शेतावरून कॅनमध्ये आणायचो. जोन म्हणजे आमची अर्ध्या मैलावरची शेजारीण, ऐंशीची विधवा बाई, अजून स्वतः ट्रॅक्टर चालवते. कॅन बघून आईने विचारलं, तर मी काहीतरी सांगितलं, झाडांसाठी म्हणून.

तिसऱ्या संध्याकाळी हेमंत तिला शेत दाखवत होता. मागच्या टाकीपाशी आल्यावर त्याने अभिमानाने सांगितलं, "आई, हे फेब्रुवारीतलं पाणी. अजून निम्म्याहून जास्त टाकी भरलेली आहे." आईने टाकीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि "हो का," म्हणाली. जावयाला ती कधी उलट बोलत नाही. मी आतून हे ऐकलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाच वाटायला हवं होतं. ज्या बाईने आयुष्यात कालचं पाणी घरात ठेवलं नाही, तिला तुम्ही सहा महिन्यांपूर्वीचं पाणी अभिमानाने दाखवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमंत कामावर गेला. मी कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या कॉलवर बसले. दीड तासाने बाहेर आले तर आई मागच्या सावलीत एका उपड्या बादलीवर बसली होती. साडी खोचलेली, हातात घासणी, शेजारी चिंचेची वाटी. टाकीच्या खालचा मोठा कॉक उघडा होता. त्यातून काहीच येत नव्हतं. आणि जमिनीवर कुठे चिखल नाही, डबकं नाही. चिंचवडला एवढं पाणी सोडलं असतं तर खालच्या मजल्यावरचे भांडायला आले असते. इथे वाळूने सगळं पिऊन टाकलं होतं आणि वर नुसता ओला डाग होता, तोही वाळत आलेला.

"सगळं ओतून टाकलं बघ," आई समाधानाने म्हणाली. "सहा महिन्यांचं पाणी पिता होय गं तुम्ही? वरचं झाकण काढून हात जाईल तेवढं घासलंय. आता ताजं भरू." मग पन्हळीवरून टाकीत उतरणाऱ्या पाइपकडे बोट दाखवून तिने विचारलं, "मंजू, इथे पाणी किती वाजता येतं गं?"

मी खाली वाळूतच बसले. ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायला तोंड उघडलं तर रडू आलं. मला पाण्याचं रडू नव्हतं. पाणी जोनकडून आणता आलं असतं. माझं सगळं पितळ एका सकाळीत उघडं पडलं होतं, आणि ते मीच घासूनपुसून लपवलेलं.

"आई," मी म्हटलं, "इथे पाणी येत नाही."

मग सगळंच सांगितलं. नळाचं, पंपाचं, पावसाचं, टाक्यांचं. एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना, म्हणून व्हॅनचंही सांगितलं, चार वर्षांचं. आई ऐकत होती आणि घासणी हातातल्या हातात फिरवत होती. मी पडद्यापर्यंत आले तेव्हा तिने मला थांबवलं. "ते माहीत होतं आम्हाला," ती म्हणाली. "चार घरं बदललीस म्हणालीस आणि पडदा तोच, सुरकुतीसकट. तुझे बाबा म्हणाले, ती सांगेल तेव्हा सांगेल, आपण विचारायचं नाही." एवढं बोलून ती उठली, कॉक बंद केला, आणि आत जाऊन पडून राहिली.

बाबांना माहीत होतं. ते मला न विचारता गेले. त्या दिवशी कॉलवर परत जाऊन मी काय टेस्ट केलं देव जाणे.

दुपारी आईचा दादाशी फोन झाला. भिंती लाकडाच्या, त्यामुळे ऐकू सगळं येतं, पण मी मुद्दाम बाहेर थांबले. एवढंच कानावर आलं की तू रविवारी ये. झालं, मी मनाशी म्हटलं. चार दिवस राहिली तेही खूप. नंतरचे दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. हेमंतशी तेवढंही नाही, कारण त्याला बिचाऱ्याला अपराधी वाटत होतं आणि तो समोर यायचं टाळत होता. शनिवारी आम्ही जोनकडे पाणी आणायला निघालो तर आई न विचारता व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर येऊन बसली. जोनच्या अंगणातला नळ तिने स्वतः सोडला, प्रत्येक कॅन काठोकाठ भरला, आणि शेवटच्या कॅनला नळ बंद केल्यावर तोटीखाली ओंजळ धरून राहिलेले थेंब जोनच्या गुलाबाला घातले. जोनला इंग्रजीशिवाय काही येत नाही आणि आईला इंग्रजीची भीती वाटते, तरी दोघी बराच वेळ गुडघ्यांवर हात ठेवून काहीतरी बोलत होत्या. बहुधा गुडघ्यांबद्दलच.

रविवारी दादा आला. तीन तास गाडी चालवून आलेला, वहिनीने दिलेला डबा हातात, चेहऱ्यावर मी सांगत नव्हतो का असा भाव, पण तो तोंडातून निघू देत नव्हता हे त्याचं मोठेपण. मी आईची बॅग भरायला आत गेले तर बॅग पलंगाखाली तशीच रिकामी. साड्या कपाटात घड्या घालून लावलेल्या. मला काही कळेना.

बाहेर दादा म्हणत होता, "आई, आवर, ट्रॅफिक लागेल."

"मी तुला न्यायला नाही बोलावलं," आई म्हणाली. "माझी बीपीची औषधं तुझ्याकडे राहिलीत, ती घेऊन ये म्हटलं होतं ना? आणलीस का?"

दादाने खिशातून औषधांची पाकिटं काढली, पण ती तिच्या हातात देईना. तो मग समजावणीच्या सुरात सुरू झाला. इथे सोयी नाहीत, डॉक्टर लांब, मंजूला ऑफिस असतं, उगाच सगळ्यांना त्रास. शेवटचं त्याने जरा हळू म्हटलं, की पाण्याचं झालं ते झालं, कुणी तुला बोललं नाही, मनाला लावून घेऊ नकोस, सॉरी म्हण आणि चल.

"सॉरी कशाला म्हणू?" आई म्हणाली. "लेकीच्या घरातलं पाणी मी सांडलंय. ते भरेपर्यंत मी इथून हलत नाही."

"अगं पण पाऊस कधी पडेल काय माहीत."

"मग पडेल तेव्हा फोन करते. तू जेवून जा."

दादा जेवला. आमटीची दुसरी वाटी घेताना म्हणाला की इथल्या आमटीला चव वेगळीच आहे, आणि जाताना हेमंतला बाजूला घेऊन सोलरचं काय काय लागतं ते विचारून गेला. पालथ्या घड्यावर इतकं पाणी एका दिवसात पुरे.

त्यानंतर आईने घराचा ताबा घेतला. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कोथिंबिरीला, आंघोळीचं पाइनच्या रोपांना, भांड्यांना आधी स्टोव्हची राख आणि मग दोन पाणी. हे तिला कुठून येतं म्हणून विचारलं, तर म्हणाली तिचं माहेर दुष्काळी जतकडचं, लहानपणी दीड मैलावरून पाणी आणलेलं. चिंचवडला नळ आला आणि ते सगळं ती विसरून गेली, मुद्दाम विसरली. तांब्याचं पिंप रोज ओतून द्यायची ती त्याच आनंदात, की आज पुन्हा येणार आहे. हे मला बेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. लपवायची खोड मी कुणाकडून घेतली तेही त्या दिवशी कळलं.

पाऊस सप्टेंबरच्या शेवटी आला, तोही इंग्लिश पाऊस, चोरपावलांनी. पहिला पाऊस तिने तिसऱ्या टाकीत येऊ दिला नाही, छप्पर धुऊन जाऊ दे म्हणून पाइप फिरवून दुसऱ्या टाकीत सोडायला लावला. मग रोज सकाळी चहा घेऊन मागे जायची आणि काळं कापड वर करून पाणी कुठवर आलं ते बघायची. जोन अधूनमधून यायची. आई तिला शंकरपाळे द्यायची आणि ती आईला अंडी. टाकी काठाला लागली त्या दिवशी आईने दादाला फोन करून शनिवारी ये म्हणून सांगितलं, आणि सामान भरायला घेतलं.

आता ती चिंचवडला आहे. पुन्हा येईल की नाही हे तिचे गुडघे ठरवतील. सिंकवरचा नळ अजून आहे, पण येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी मागे नेऊन टाकी दाखवते आणि मग नळ. आमच्याकडे आता बरेच जण येतात. पिनरचे, स्टॅनमोरचे, पोरांना घेऊन वीकेंडला. कुणाच्या हातून ग्लास फुटतो, कुणी नळ सुरू ठेवून दात घासतं, आणि जाताना दहा वेळा सॉरी म्हणतात. आम्ही म्हणतो चालायचंच, आणि ते खरंच चालायचं असतं, कारण ते पाहुणे आहेत.

तुम्ही कुणी विचारलंत की इतक्या लांब, नळ नाही तिथे, घर कसं काय झालं, तर माझ्याकडे एकच उत्तर आहे. पाहुण्याच्या हातून सांडतं तेव्हा तो माफी मागतो आणि निघतो. घरच्या माणसाच्या हातून सांडतं तेव्हा ते भरायला थांबतं. आई नऊ आठवडे थांबली.